लिहून घेणाऱ्याच्या हातासाठी

ऑर्डर देणाऱ्या सरांना बहिणाबाईंच्या नावाचं शाईचं पेन हवं होतं, आणि त्याच्या टोपणावर त्यांनी बाईंची सही कोरून मागितली. मी लेथ, म्हणजे पेनाची दांडी कातायचं यंत्र, बंद केला. "सर, सही आणू कुठून?" बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आमच्या जळगावात कुणीही सांगेल. सर हसले, पण त्यांची अडचण खरी होती. कवीच्या नावाचं पेन म्हणजे फोटो, सही आणि सोनेरी क्लिप, एवढंच आपण बघत आलोय. मला ते एसटी स्टँडवरच्या की-चेनसारखं वाटतं.

असोद्याची ही लेक १८८० सालची. लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आली. शेतात, जात्यावर ओव्या रचत गेली. त्या कागदावर उतरवल्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरींनी. १९५१ मध्ये बाई गेल्या. पुढच्या वर्षी अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. म्हणजे लेखणी होती ती ऐकणाऱ्याच्या हातात. मग पेन करायचं तेही ऐकणाऱ्यासाठीच. दळणारी बाई काही "थांब, टोपण काढतो" म्हटल्यावर थांबत नाही.

म्हणून आधी टोपण. साधे एकेरी आटे पाडले तर तीन-चार वेढे फिरवत बसावं लागतं. मी तिहेरी आटे पाडले, म्हणजे शेजारीशेजारी तीन; साधारण एका वेढ्यात टोपण हातात. आटे तिहेरी पाडताना टूल दर वेळी नेमक्या जागी परत लागलं पाहिजे, नाहीतर दांडी भंगारात.

शाई ड्रॉपरने थेट पोटात भरायची. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात बसवायच्या शाईच्या छोट्या नळीत, एक मिलिलिटरही मावत नाही, इथे तीन सहज मावते. फक्त शाई तळाला गेली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि निबेतून ठिपका पडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हमखास. टाकी निम्म्यावर आली की भरून टाका. निब मध्यम ठेवली, शाई सढळ सोडणारी.

दांडी काळ्या एबोनाइटची. रबर आणि गंधक भाजून करतात ते. लेथवर धरलं की गंधकाचा वास सुटतो. त्यापायी घरातून मला संध्याकाळी शेडमध्येच चहा येतो.

टोपणाला एक कडं बाभळीचं. मामांच्या वाड्यात पेरणीची मोडकी तिफण पडून होती, तिचा तुकडा. जुनी बाभूळ टूलची धार खाते, पण पॉलिश काय घेते! लाकूड शाई पितं, म्हणून ते टाकीपासून लांब, टोपणावरच.

"पण बहिणाबाईंचं आहे हे कळणार कसं भो?" सरांचं समाधान झालं नव्हतं. त्यांना ते सत्कारात शाल-श्रीफळासोबत द्यायचं होतं. शेवटी नाव डबीवर घातलं. डबीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता बालकवींच्या पेनाची मागणी आहे, आणि सगळ्यांना ते हिरवंगार हवंय. धरणगावात जन्मलेला हा माणूस अठ्ठावीसही पुरी न करता १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ गाडीखाली गेला. त्याच्या कवितेत गवत आहे तसा काळोखही आहे, म्हणून मी हिरव्या-काळ्या लहरींचं एबोनाइट मागवलंय. एकाने क्लिपवर रेल्वेचं इंजिन घालायला सांगितलं. त्यांना म्हटलं, दुसरीकडे बघा.