लोड दिल्याशिवाय एसएमपीएस तपासला जात नाही: माझा इंदूरचा अनुभव

‘चेक कर लिया, ओके है.’ सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य मी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा तोच एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, घेऊन घरी आले आणि दोन्ही वेळा गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांच्या आत कॉम्प्युटर बंद पडला. सगळं मिटून आता महिना झाला, तरी त्या वाक्याचा राग गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

दुखणं असं होतं. गेम रंगात आला की स्क्रीन एकदम काळी, पंखे थांबायचे आणि दोन सेकंदांनी मशीन आपलं आपण पुन्हा सुरू. निळा स्क्रीन नाही, एररचा मेसेज नाही. सायबरपंकसारखा जड गेम असला की हमखास; हलका वॅलोरंट मात्र तासन्‌तास चालायचा. मशीन मी नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून एकेक भाग जमवून स्वतः जोडलेलं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ६५० वॉटचा एसएमपीएस. या कार्डासाठी कंपनी ६५० वॉटच सुचवते, त्यामुळे कमी पडण्याचा प्रश्न नव्हता.

मे महिना, सुदामानगरमधलं आमचं वरच्या मजल्यावरचं घर, बाहेर ४२ अंश. आई म्हणाली, “अगं, इथे माणसांना सोसवत नाही, त्या मशीनला कसं सोसवेल?” मलाही उष्णतेचाच संशय होता. पण एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंद चालू ठेवून खेळले, तर बंद पडण्याच्या आधीची शेवटची ओळ सांगत होती: कार्ड ७४ अंश, प्रोसेसर ७१. एवढ्यात काही बंद पडत नाही. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, चारही फेऱ्या स्वच्छ. सेफ मोडमध्ये डीडीयू हा ड्रायव्हर पुसणारा प्रोग्रॅम वापरून कार्डाचा जुना ड्रायव्हर मुळापासून काढला, नवा टाकला. फरक शून्य. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसायचं. ते वाचून लगेच एसएमपीएस बदलायला जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं. घरातली वीज गेली तरी तीच नोंद पडते. मला उपयोगी पडलं ते त्या नोंदीच्या आतलं: बगचेक कोड, म्हणजे विंडोजने नोंदलेला बिघाडाचा आकडा, शून्य होता. म्हणजे विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता.

खरा सुगावा आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅमने दिला. कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते किती वीज ओढू शकतं ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणली आणि तोच गेम सलग तीन तास चालला. पुन्हा १०० वर नेली, पंधराव्या मिनिटाला काळोख. असं तीनदा करून पाहिलं. या एका प्रयोगाला पैसा लागत नाही आणि स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही. मी तो आठ दिवस आधी करायला हवा होता.

कारण समजून घेतलं की पुढची चिडचिड कळेल. या कार्डाचे २२० वॉट ही सरासरी असते. प्रत्यक्षात सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती मागणी त्याच्या बरीच वर उडी मारते. एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. तो थकलेला असला तर अशा उडीला ती लाइन खचते, मदरबोर्डला मिळणारा ‘पॉवर गुड’, म्हणजे वीज ठीक आहे हा, इशारा तुटतो आणि बोर्ड रीसेट होतो. साध्या मल्टिमीटरवर हे दिसत नाही, कारण तो इतक्या झटपट आकडा बदलू शकत नाही.

आता तो काउंटर. वॉरंटीचे सहा महिने शिल्लक होते, बिल होतं, खोकंही होतं. टोकन घेऊन तासभर बसले. मुलाने एसएमपीएस घेतला, २४ पिनच्या जोडणीला हाताएवढा टेस्टर लावला, पंखा फिरला, १२.१ आकडा उमटला. “पंखा घूम रहा है, वोल्टेज बराबर है.” मी म्हटलं, यावर लोड, म्हणजे वीज ओढणारा भार, कुठे आहे? रिकामा टेम्पो चढावर चढला म्हणजे भरलेला चढेल असं कुणी म्हणतं का? तो म्हणाला, लोड टेस्ट इथे होत नाही, कंपनीकडे पाठवावा लागेल. पाठवा म्हटलं. जॉबशीटवर, म्हणजे त्यांच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, सही केली आणि निघाले.

ती सही मी न वाचता केली. अकरा दिवसांनी एसएमपीएस परत आला, सोबत चिठ्ठी: ‘नो फॉल्ट फाउंड’. घरी येऊन लावला, पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा जुनी जॉबशीट नीट वाचली. तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द होते: ‘नॉट वर्किंग’. मी दहा मिनिटं समजावून सांगितलेलं त्यातलं एक अक्षरही कंपनीपर्यंत पोचलं नव्हतं. तिकडच्या माणसाला विचारलं होतं की हा चालतो का, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की चालतो. हे मी काउंटरवर बोलून दाखवलं, तर उत्तर आलं, “मॅडम, घर से किसी भैया को भेज दो, उनको समझा देंगे.” मशीन मी जोडलंय, बिल माझ्या नावावर आहे, टोकन माझ्या हातात आहे. दादा माझ्यासोबत आला होता, पण खाली गाडीपाशीच उभा होता. त्याला वर बोलवायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं. तरी त्या दिवशी पुन्हा तोच टेस्टर, तोच पंखा, तेच ‘ओके है’.

मग सिल्व्हर मॉल गाठला. आरएनटी मार्गावरच्या या मॉलमध्ये कॉम्प्युटरची इतकी दुकानं आहेत की कुणीतरी ऐकून घेणारा भेटतोच. जिथून मी रॅम घेतली होती त्या दुकानदाराने ७५० वॉटचा चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी वापरायला दिला, फक्त डिपॉझिट ठेवून. तो लावला आणि पॉवर लिमिट १०० वर ठेवून दोन रात्री खेळले. एकदाही बंद पडलं नाही. जुना लावला, अठरा मिनिटं. दोन्हींचे मोबाइलवर सलग व्हिडिओ काढले, घड्याळ आणि एसएमपीएसचा सिरियल नंबर एकाच चौकटीत येईल असे.

तिसऱ्या वेळी पूर्ण कॅबिनेटच ॲक्टिव्हावर पायांशी ठेवून नेलं. (कॅबिनेट असं न्यायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं पिशवीत घ्या. गचक्यांनी स्लॉट तुटतो. काचेचं दारही घरीच ठेवा.) काउंटरवर म्हटलं, इथे जोडते, तुमच्यासमोर चालवते. आधी नकोच म्हणाले. मागे रांगेत उभे असलेले एक काका म्हणाले, “अहो, पोरगी दाखवते म्हणतेय, तर बघा ना.” ओसीसीटी या प्रोग्रॅमची, मशीनवर पूर्ण भार टाकणारी पॉवर टेस्ट लावली आणि सहाव्या मिनिटाला सगळ्या रांगेदेखत स्क्रीन काळी झाली. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. या वेळी जॉबशीट मी स्वतः सांगून लिहून घेतली: ‘फक्त लोडवर रीसेट होतो, रिकामा चालतो, पॉवर टेस्टवर ६ मिनिटांत काउंटरवर दाखवला.’ व्हिडिओ ई-मेलने पाठवले. त्याच संध्याकाळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रारही नोंदवली. चौथ्या दिवशी फोन आला की बदलून देतो.

मधल्या काळात अर्थिंगही पाहून घेतलं, ते सांगायचं राहिलं. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या. वायरिंगवाले काका म्हणाले, उन्हाळ्यात आपली काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. घातलं, एक सैल जोडही त्यांनी आवळला, मुंग्या गेल्या. कॉम्प्युटर बंद पडणं त्याने थांबलं नाही, पण हे काम घरासाठी तसंही व्हायलाच हवं होतं. आणि तुमचं मशीन स्वस्तातल्या यूपीएसवर असेल, तर काही बदलायच्या आधी थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा. त्यातल्या बऱ्याच यूपीएसची वीज नव्या एसएमपीएसना मानवत नाही. कार्डाला दोन आठ पिनच्या जोडण्या असतील तर दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलची दोन टोकं नकोत.

बदली एसएमपीएस आला तो वेगळ्या मॉडेलचा, आणि खोक्यात केबल नव्हत्या. मुलगा म्हणाला, “पुरानी वाली लगा लो, सब एक ही होती है.” नाही! मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकातला पिनांचा क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा असू शकतो. चुकीच्या केबलने डिस्कला पाच व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जळते. मी काउंटरवरून हलले नाही. चाळीस मिनिटांनी आतून त्याच मॉडेलच्या केबलची पिशवी आली. ती तिथेच उघडून, खोक्यावरच्या यादीशी एकेक केबल जुळवून मगच जॉबशीटवर सही केली, आणि या वेळी आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून.