लूव्हस्टाईनचा किल्ला आणि पलीकडचं वाउड्रिखेम: जाल तर फेरीनेच जा

ॲमस्टरडॅम बघून झालं असेल आणि नेदरलँड्समध्ये एक मोकळा दिवस हाताशी असेल तर वाउड्रिखेमला जाच. मातीच्या तटाच्या आत बसलेलं छोटंसं गाव आणि पाण्यापलीकडे लूव्हस्टाईनचा किल्ला. आम्ही डोर्ड्रेख्तहून ट्रेनने होरिन्खेमला उतरलो, जुन्या गावातून चालत धक्क्यावर गेलो आणि तिथून फेरी (प्रवासी बोट) पकडली. किल्ल्यापर्यंत गाडीनेही जाता येतं पण तो इथेच का बांधला हे पाण्यावरूनच कळतं, कारण मास आणि वाल या दोन नद्यांचा इथे संगम, म्हणजे ये-जा करणारी प्रत्येक होडी नजरेत आणि जकातीची सोय आयतीच. पुढे पुरांना कंटाळून 1904 मध्ये मास नदी दुसरीकडून वळवली, त्यामुळे आता तो फाटा शांत आहे आणि वालमधून मात्र मालवाहू बार्ज एकामागोमाग एक चालूच असतात.

किल्ला बांधला दिर्क लूफ फान होर्नने, 14 व्या शतकात. वाउड्रिखेमही याच होर्न घराण्याचं, 1356 मध्ये त्याला शहराचे हक्क मिळाले, पण आजही फिरताना ते गावच वाटतं.

1619 पासून इथे राजकैदी ठेवायला लागले. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे ह्यूगो ग्रोशियस, कायद्याचा प्रचंड विद्वान, धर्म आणि राजकारणाच्या भांडणात चुकीच्या बाजूला सापडला आणि जन्मठेप झाली. बायको मारिया सोबत राहायला आली. वाचायला पुस्तकं पेटीतून यायची, वाचलेली परत जायची, पहारेकरी सुरुवातीला पेटी उघडून बघायचे मग बघेनासे झाले, आणि हे मारियाने बरोबर हेरलं. 22 मार्च 1621 ला किल्लेदार बाहेरगावी गेलेला असताना तिने नवऱ्याला पेटीत झोपवलं. शिपाई म्हणाले आज भारी जड लागतेय, तरी उचलून नेली. एल्स्ये नावाची तरुण मोलकरीण होडीतून पेटीबरोबर होरिन्खेमपर्यंत गेली, तिथून तो गवंड्याच्या वेषात अँटवर्पला निसटला. नाव त्याचं झालं पण खरी हिंमत या दोघींची, मारिया तर मागे कोठडीतच थांबली होती! नंतर तिलाही सोडलं. खरी पेटी कुठली यावर वाद आहे, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि डेल्फ्टचं म्युझियम दोघांकडेही एकेक आहे.

आपल्या लोकांनी अजून एका कारणासाठी जावं. याच ग्रोशियसने 1609 मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की पूर्वेकडचा समुद्र पोर्तुगीजांच्या बापाचा नाही, तिथे कोणीही व्यापार करावा. त्याच शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांना शह द्यायला डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, तिचे अवशेष आजही उभे आहेत. वेंगुर्ल्याची वखार बघितलेल्या माणसाला हा किल्ला परका वाटतच नाही.

तटावरून नक्की चक्कर मारा. शत्रू आला की मुद्दाम शेतात पाणी सोडायचं, चालायला जास्त आणि होडीला कमी, साधारण गुडघाभर, अशी इथली संरक्षणाची पद्धत होती, आणि हा किल्ला त्या पाण्याच्या संरक्षणरेषेतला. 2021 पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे.

फेरी सीझनप्रमाणे चालते, हिवाळ्यात फारच कमी, म्हणून निघण्याआधी वेबसाइट बघा. म्युझियमकार्ड (डच संग्रहालयांचा वार्षिक पास) चालतं. आत जिने अरुंद आणि गोल आहेत, लहान मूल असेल तर स्ट्रोलरऐवजी कॅरियर घ्या. वारा जोरात असतो, उन्हाळ्यातही जॅकेट हवंच. आधी किल्ला करा, मग वाउड्रिखेमला येऊन जेवा, आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.