बैलांना वेसण नाही : आईबरोबर आयोवातल्या लिव्हिंग हिस्टरी फार्म्समध्ये

आईचं अर्धं आयुष्य परभणीजवळच्या खेड्यात, शेतावर गेलं. चार महिन्यांसाठी ती आमच्याकडे अमेरिकेत ओमाहाला आली. तिला इथे नेमकं काय दाखवावं, असा प्रश्न होता. शिकागोच्या इमारती तिने पाहिल्या, "छान आहेत" म्हणाली, आणि विषय संपला. मग मे महिन्यातल्या एका शनिवारी तिला घेऊन शेजारच्या आयोवा राज्याच्या राजधानीला, डे मॉइनला गेलो. शहराच्या पश्चिमेला अर्बनडेल इथे लिव्हिंग हिस्टरी फार्म्स आहे. परतीच्या दोन तासांत ती गप्प म्हणून बसली नाही. तुमचेही आईवडील भारतातून येणार असतील आणि शेतीशी त्यांचं नातं असेल, तर हे ठिकाण यादीत सगळ्यात वर ठेवा.

हे काचेच्या कपाटांचं संग्रहालय नाही. आयोवा स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम मरे यांनी 1970 साली ते सुरू केलं. सुमारे 500 एकरांत तीन काळांतली तीन शेतं आहेत : 1700 सालचं आयोवे आदिवासींचं, 1850 सालचं नव्याने आलेल्या वसाहतकऱ्यांचं आणि 1900 सालचं घोड्यांवर चालणारं. शिवाय वॉलनट हिल नावाचं 1876 सालचं छोटं गाव आहे. त्या त्या काळातले कपडे घातलेली माणसं तिथे खरोखर नांगरतात, पेरतात, चूल पेटवतात. दिवसाचं काम हंगामाप्रमाणे ठरतं.

आमची एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. आम्ही आधी गावात शिरलो. लोहाराचा भाता, किराणा दुकान, छापखाना हे सगळं बघण्यात दोन तास गेले. शेतांकडे ट्रॅक्टरला जोडलेली गाडी नेते. ती पकडून 1850 च्या शेतावर पोचलो, तेव्हा नांगरट आटोपून बैल सोडायची वेळ झाली होती. शेतावरची मोठी कामं चुकवायची नसतील, तर सकाळी उघडता उघडता पोचा आणि पहिली गाडी पकडून शेतांकडे जा. गाव दुपारी निवांत बघता येतं.

पण बैल सोडताना पाहायला मिळाले, हेही बरंच झालं. आई कुंपणाला टेकून उभी होती. एकदम म्हणाली, "अगं, ह्यांना येसण नाही की!"

खरंच नव्हती. कासराही नाही. हाकणारा बैलांच्या डाव्या बाजूने काठी घेऊन चालत होता आणि नुसत्या शब्दांवर बैल वळत होते, "जी" म्हटलं की उजवीकडे, "हॉ" म्हटलं की डावीकडे. मग आईचं लक्ष जुवाकडे गेलं. आपल्याकडे जू वशिंडाच्या पुढे बसतं, मानेच्या बाजूने शिवळा म्हणजे खुंट्या आणि गळ्याखालून जोतं म्हणजे पट्टा. इथल्या बैलांना वशिंडच नाही. म्हणून लाकूड वाकवून केलेली, घोड्याच्या नालासारखी कमान गळ्याखालून घालतात, तिची दोन्ही टोकं जुवाच्या भोकांतून वर काढतात आणि खुंटीने अडकवतात. त्याने खुंटी ओढली, कमान सरकन खाली आली, बैलाने मान झटकली. आईने ती कमान हातात घेऊन पाहिली, आतून हात फिरवला. गुळगुळीत होती. "खांदा सोलत नसंल," ती म्हणाली. मी भाषांतर करून सांगितलं. त्यावर तो हाकणारा आणि ती बैलांच्या खांद्यांवर कितीतरी वेळ बोलत राहिले. मी फक्त दुभाषी.

तिथेच नांगराची गोष्ट निघाली. प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या गवताळ मैदानांच्या, उंच गवताची मुळं काही ठिकाणी दहा-पंधरा फूट खोल जातात. पहिल्यांदा ती जमीन फोडायला एकेका नांगराला बैलांच्या चार-चार, सहा-सहा जोड्या लागत. पहिल्या वर्षी उलटलेल्या ढेकळात कुऱ्हाडीने फट पाडून त्यात मका टाकायचे. माती काळी आणि चिकट. बिडाच्या फाळाला ती लोण्यासारखी चिकटून बसे, सारखं खरवडावं लागे. जॉन डिअरने 1837 मध्ये गुळगुळीत पोलादाचा फाळ केला आणि तो चालला, याचं मुख्य कारण ही माती. त्याआधी अमेरिकेत लोखंडी नांगर नवा होता, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी लोकांची समजूत होती. हे ऐकताच आई म्हणाली, आपल्याकडेही अशीच भीती होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर काढला, तेव्हा शेतकरी हेच म्हणत असत. दोन टोकांना एकच शंका! तिथल्या कोणत्याही पाटीवर मला हे सापडलं नसतं.

1850 च्या ओंडक्यांच्या घरात एक बाई चुलाणात मक्याचा पाव भाजत होत्या. झाकणाच्या बिडाच्या भांड्याला खाली निखारे, झाकणावर निखारे. यातलं आईला काहीच नवीन नव्हतं. बाहेरचं नागमोडी कुंपण मात्र तिने नीट निरखलं. त्याला खांब नाहीत, खिळे नाहीत, फाडलेली लाकडं एकावर एक तिरकी रचलेली. आणि ते गुरं आत कोंडायला नसून मोकाट गुरं पिकाबाहेर ठेवायला असे.

आता माझं एक आग्रहाचं सांगणं. बरेच लोक 1700 चं आयोवे शेत पाच मिनिटांत उरकतात, कारण तिथे ना बैल आहेत ना मोठं घर. तसं करू नका, खरं तर सुरुवातच तिथून करा. मका, घेवडा आणि भोपळा एकाच जागी लावलेले, आपल्या आंतरपिकासारखे. शेती बायका करायच्या. बायसनच्या खांद्याच्या हाडाची कुदळ असे. साल लावून शाकारलेली घरं आहेत. धान्य जमिनीत खड्डे करून साठवत, हे कळल्यावर आई लगेच म्हणाली, "म्हणजे पेव." या लोकांचा इथल्या जमिनीवरचा हक्क 1838 च्या कराराने गेला, आणि पुढच्या शेतावरचं घर त्याच जमिनीवर उभं राहिलं. आधी हे बघितलं की 1850 चं शेत वेगळं दिसतं. आयोवे शेतावर पोचेपर्यंत मीही दमले होते, घाई केली, त्याचं आता वाईट वाटतं.

1900 च्या शेतावर पर्चेरॉन जातीचे मोठाले घोडे, पवनचक्की आणि बिडाची लाकडावरची शेगडी आहे. मुलं असतील तर ती घोड्यांपाशीच रमतील.

जाण्याबद्दल थोडं. आंतरराज्य महामार्ग 35/80 वरून 125 नंबरच्या फाट्याला हिकमन रोडवर उतरलं की लगेच आलं. हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. वार आणि वेळा बदलतात, निघण्याआधी संकेतस्थळावर बघा. पूर्ण दिवस ठेवा, निदान चार तास तरी. वाटा कच्च्या आहेत आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता. आईच्या चपला चिखलात रुतल्या आणि उरलेला वेळ माझे बूट तिच्या पायात होते, तेव्हा बंद बूट सगळ्यांनाच हवेत. टोपी आणि पाणी हवंच, शेतांवर सावली कमी आहे. उंच गवतात शिरू नका, गोचिड्या असतात. घरी आल्यावर मुलांचे पाय तपासा. गुडघेदुखी असेल तर गाडीने जा आणि एका शेतावर जास्त वेळ बसा, सगळं बघायचा हट्ट नको. आम्ही धपाटे आणि दही नेलं होतं. शाकाहारी असाल तर डबा न्याच.

आणि काम करणाऱ्यांना प्रश्न विचारा. भाषेची अडचण असेल तर मध्ये तुम्ही उभे राहा. मक्याची काढणी शरद ऋतूत असते. आईचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं आहे, ते पुढे ढकलता येईल का, असं तिने काल विचारलंय.