एडिनबराचा बेल्टेन: ३० एप्रिलची रात्र कॅल्टन हिलवर कशी पाहावी

कॅल्टन हिल ही एडिनबराच्या मधोमध उभी असलेली जेमतेम १०३ मीटर उंचीची टेकडी. वेव्हर्ली स्टेशनपासून पायी दहा-पंधरा मिनिटं. माथ्यावर बारा प्रचंड खांब आहेत. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मारकाचं काम १८२६ मध्ये सुरू झालं आणि पैसे संपल्यावर १८२९ मध्ये थांबलं, त्यातलं एवढंच उभं राहिलं. दरवर्षी ३० एप्रिलच्या रात्री बेल्टेनची सुरुवात इथूनच होते.

बेल्टेन म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडच्या गेलिक लोकांचा उन्हाळ्याच्या आरंभाचा सण. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात घरोघरच्या चुली विझवून, लाकडावर लाकूड घासून नवा विस्तव काढत आणि गुरं कुरणांवर नेण्याआधी दोन जाळांमधून हाकत. ही चाल हळूहळू बंद पडली. आजचा उत्सव १९८८ मध्ये अँगस फार्कर आणि इतर कलाकारांनी एडिनबरा विद्यापीठातल्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांची मदत घेऊन उभा केला. आता बेल्टेन फायर सोसायटी ही धर्मादाय संस्था तो चालवते. ढोल वाजवणारे, पलिते फिरवणारे, अंग रंगवून नाचणारे, सगळे स्वयंसेवक. मिरवणुकीत एकही संवाद नसतो, त्यामुळे कथा आधी माहीत नसली तर नुसती आग आणि गर्दी दिसते. ती थोडक्यात अशी.

अंधार पडता पडता खांबांपाशी अग्नी पेटतो, त्यावरून मशाली लागतात. मे क्वीन, म्हणजे उन्हाळा आणणारी राणी, जागी होते आणि पांढऱ्या रंगातल्या आपल्या रक्षकांसह निघते. मागून ग्रीन मॅन, म्हणजे रानातल्या हिरवाईचा पुरुष, येतो, अजून हिवाळ्याच्या जडशीळ वेषात. मिरवणूक अग्निकमानीखालून टेकडीला वळसा घालते. वाटेत वायू, पृथ्वी, जल आणि अग्नी यांचे गट भेटतात. लाल रंगातली मंडळी धुडगूस घालत मधे घुसतात. निळ्या रंगातले जाणते लोक विधी सांभाळतात. शेवटी मंचावर ग्रीन मॅन न राहवून मे क्वीनला स्पर्श करतो. रक्षक त्याला मारतात, हिवाळ्याचा वेष उतरवतात आणि मे क्वीन त्याला पुन्हा जिवंत करते. मग मोठा जाळ पेटतो.

सगळं पाहायचं म्हणून मिरवणुकीमागे धावू नका. बहुतेकांची रात्र याच चुकीने वाया जाते. वाट अरुंद, प्रेक्षक हजारोंनी आणि ढोलांचा ताफा मधे, त्यामुळे मागे राहिलेल्याला फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. सुरुवात खांबांपाशी पाहा आणि मिरवणूक कमानीकडे वळली की आडवाटेने एखाद्या महाभूताच्या गटापाशी जाऊन थांबा. तिथे मिरवणूक पोहोचण्याआधीही बरंच काही चाललेलं असतं. ती तिथून पुढे सरकायच्या आतच मंचाजवळ जागा धरा, कारण ग्रीन मॅनचा मृत्यू आणि पुनर्जन्म चुकला तर कथेचा गाभाच गेला. गटांच्या जागा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून उजेड असतानाच टेकडीला एक फेरी मारा. सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आठपर्यंत वर असलेलं बरं.

वाऱ्याचा अंदाज घेऊन उभं राहा. पलित्यांच्या इंधनाचा काळा धूर आणि ठिणग्या वारा नेईल तिकडे जातात, म्हणून वारा पाठीवर घ्यावा. नायलॉन, पॉलिएस्टर ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. बाहेरचा थर लोकरी किंवा जाड सुती असावा, ओढणी आणि मोकळे केस आत खोचावेत. माथ्यावर आडोसा नाही. पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि वाऱ्याने थंडी दुप्पट वाटते. कानटोपी, हातमोजे, आतून गरम कपडे हवेतच. छत्री मागच्यांची दृष्टी अडवते, त्यापेक्षा रेनकोट बरा. ओल्या गवताच्या उतारावर गुळगुळीत तळव्याचे बूट हमखास घसरतात.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. आग फिरवणाऱ्याचे डोळे दिपले तर अपघात होऊ शकतो. कॅमेरा आपोआप अंधार उजळायला जातो आणि ज्वाळा पांढऱ्याफटक येतात, म्हणून एक्स्पोजर एक-दीड स्टॉप कमी करा. काही कलाकारांच्या अंगावर रंगापलीकडे फारसं काही नसतं. मुलांना नेणाऱ्यांनी त्यांना आधी सांगून ठेवावं, आणि ढोलांसाठी कानात घालायला बोळे न्यावेत.

तिकीट आधीच ऑनलाइन घ्या आणि प्रवेश कोणत्या बाजूने आहे ते त्यावर पाहून ठेवा. मे महिन्याचा पहिला सोमवार ब्रिटनमध्ये सुट्टीचा असतो. तो लागून आला की खोल्या महाग होतात आणि लवकर संपतात. मुंबईहून लंडनमार्गे येणाऱ्यांना किंग्ज क्रॉसहून वेव्हर्लीपर्यंत रेल्वेने साधारण साडेचार तास लागतात. एडिनबराच्या विमानतळावरून ट्रामने येऊन सेंट अँड्र्यू स्क्वेअरला उतरावं. जेवण खालीच उरकून घ्या. कार्यक्रम मध्यरात्रीच्या आसपासपर्यंत लांबतो, तेव्हा चालत जाता येईल अशीच खोली घ्या.

पायांत जोर उरला असेल तर १ मेच्या पहाटे आर्थर्स सीट या टेकडीवर जावं. मे महिन्याच्या पहिल्या दवाने तोंड धुण्याची इथली जुनी चाल आहे आणि सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो. ही टेकडी २५१ मीटर उंच, वरचा खडक ओला असला की निसरडा होतो, त्यामुळे टॉर्च न्यावा.

एडिनबरात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी मात्र नुसतं प्रेक्षक राहू नये. सोसायटी हिवाळ्यातच नव्या स्वयंसेवकांना बोलावते, आधीचा अनुभव लागत नाही. ढोलताशा पथकात वाजवलेल्यांना तर ढोलांचा गट लगेच जवळचा वाटेल. बेल्टेन हुकलं तर हिवाळ्याच्या आरंभाचा साविन हा सण ३१ ऑक्टोबरच्या सुमारास असतो, तोही हीच संस्था करते.