मेणबत्ती, परात आणि चढणारे पाणी

परातीत थोडे पाणी घेऊन मधोमध मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घालायचा. थोड्याच वेळात ज्योत विझते आणि पाणी ग्लासात वर चढते. हा प्रयोग अनेक शाळांत होतो आणि हवेतील एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, असे अनुमान प्रयोगवहीत उतरवले जाते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हे खरे, पण हे स्पष्टीकरण चुकीचे आहे, आणि म्हणूनच वैज्ञानिक पद्धत शिकवताना मी हाच प्रयोग निवडते.

पाण्यात शाईचे चार थेंब टाकले की मुलांना बारकावे दिसू लागतात. ग्लास ठेवताना त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात. पाणी मुख्यतः ज्योत मंदावल्यावर आणि विझल्यावर झपाट्याने चढते. ऑक्सिजन जळत गेल्यामुळे ते चढत असते, तर ज्योत तेवत असतानाच हळूहळू चढायला हवे होते. मग मी विचारते, की ग्लास तोच, पाणी तेवढेच, पण मेणबत्त्या तीन लावल्या तर काय होईल? ऑक्सिजन काही वाढलेला नाही, तेव्हा पाणी तेवढेच चढेल, असे भाकीत मुले आधी वहीत लिहितात. प्रत्यक्षात ते बरेच जास्त चढते.

इथून पुढची चर्चा घाईने संपवू नये. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून काही प्रमाणात निसटते, उरलेली ज्योत विझल्यावर थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो, इथपर्यंत मुले बहुधा स्वतःच पोहोचतात. ऑक्सिजन पूर्ण संपण्याच्या बऱ्याच आधी ज्योत विझते आणि जळलेल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एवढी भर मात्र शिक्षकाने घालावी लागते.

मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या पुस्तकांत प्रयोगांची उत्तरे छापलेली नसत. २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला, याची मला आजही खंत वाटते, कारण अनुमान आधीच छापलेले असले की निरीक्षण त्याच्याशी जुळवून घेतले जाते.

आपले नवे स्पष्टीकरणही मुलांनी तपासावे. गरम पाण्याने तापवलेला रिकामा ग्लास परातीत उपडा घातला, तर काहीही न जळता पाणी चढते. ऑक्सिजनचे प्रमाण मोजायचेच असेल, तर परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोहकीस चिकटवावा, ती पाण्यात उपडी उभी करावी आणि काही दिवस तशीच राहू द्यावी. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेते, पण गंज घन असल्याने त्याच्या जागी दुसरा वायू येत नाही. पाणी थांबले की नळीच्या उंचीचा कितवा हिस्सा भरला, हे पट्टीने मोजावे.