पाठकोरे

परवा ऐन दुपारी पस्तीवाल्याने माझ्या कलासाधनेचे वजन केले. ते सव्वातीन किलो भरले. बडोद्यात रद्दीला रद्दी म्हणतात ते ती घरात असेपर्यंतच. एकदा दाराबाहेर काट्यावर चढली, की आम्हा मराठी माणसांच्या तोंडीही तिची पस्ती होते. त्याने वर्तमानपत्रे वेगळी काढली, वह्या वेगळ्या काढल्या आणि तळाशी चुकून गेलेली माझी सुतळीने बांधलेली फाईल उघडून वरचे दोन-चार कागद अंगठ्याने उलटसुलट केले. एका बाजूला जुनी परिपत्रके, दुसऱ्या बाजूला मी. "बेन, आ तो मिक्समां जशे," असे म्हणून त्याने ती मिठाईच्या खोक्यांच्या ढिगावर ठेवली. मिक्सचा भाव वर्तमानपत्रांच्या निम्मा. माझ्या चित्रांविषयी आणि लिखाणाविषयी चाळीस वर्षांत इतके नेमके मत कोणी दिलेले नव्हते. मी फाईल परत घेतली आणि त्याला पाणी दिले.

या फाईलमधला एकही कागद कोरा म्हणून घरात आलेला नाही. अण्णा शहरातल्या कोठी भागातल्या एका कचेरीत कारकून होते, आणि शनिवारी संध्याकाळी त्यांच्या कापडी पिशवीतून भाजीच्या आधी पाठकोरे कागद बाहेर पडत. धाकट्या भावाला सहा, मला सहा. त्याची विमाने रविवारी सकाळपर्यंत शेजारच्या गच्चीवर उतरलेली असत. मी मात्र माझे सहा कागद आठवडाभर पुरवीत असे. वाण्याकडून चांगला कागद आणून द्या असा हट्ट मी एकदाच केला, तेव्हा अण्णांनी चष्म्यावरून पाहत सांगितले, की कोरा कागद अर्जासाठी असतो.

सायक्लोस्टाईलचा तो कागद खरखरीत आणि तहानलेला असे. शाईचे पेन टेकवले, की टिंबाचा डाग होई. म्हणून पेन्सिल, आणि तीही बोथट. छपाईच्या शाईतले तेल कागदात झिरपून अक्षरांभोवती पिवळसर कड धरे, आणि मागच्या ओळी पुढे उलट्या उमटत. डोक्यावर रेघ नसलेली गुजराती अक्षरे उलटी झाली, की मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. मी सातवीत असताना विश्वामित्रीच्या पुलावरून पाहिलेली मगर काढली, तेव्हा तिच्या पाठीवर नेमका परिपत्रकाचा दुसरा परिच्छेद आला आणि त्या उलट्या ओळींचे खवले झाले. मला फक्त त्यांच्या कडेने रेघ फिरवावी लागली. पुढे कितीतरी वेळा मी स्वच्छ कागदावर मगर काढून पाहिली. दर वेळी ती गुळगुळीत, नुकतीच न्हाऊन आल्यासारखी दिसते. स्फूर्ती वगैरे जे म्हणतात, ते माझ्या बाबतीत बहुधा मागच्या बाजूनेच येत असावे.

तसे पाहता हे शहर हौशी चित्रकाराने दबून जावे अशाच बेताने वसवले आहे. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून पुराणातले प्रसंग रंगवून घेतले. 1950 साली येथे ललितकलांचे महाविद्यालय सुरू झाले आणि चित्रकला शिकवायला इंदूरचे बेंद्रे आले. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात गेले, तर मान मोडेपर्यंत वर पाहावे लागते, कारण तेथल्या चारही भिंतींवर नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात काढलेली चित्रे आहेत, आणि त्यांतले गंगावतरण पाहून घरी आल्यावर सहा पाठकोऱ्यांकडे बघवत नाही. याच नंदलालांनी जन्मभर साध्या पोस्टकार्डांवर चित्रे काढून ती शिष्यांना आणि स्नेह्यांना टपालाने धाडली, हे मला फार उशिरा कळले. मला त्या माहितीने जो दिलासा मिळाला, तो कोणत्याही भित्तिचित्राने मिळालेला नाही.

कारण पोस्टकार्डे मीही धाडलेली होती. इंदूरला रामबागेत माझी मावशी राहत असे. पंधरा पैशांच्या कार्डावर पत्त्याच्या डावीकडे मी दोन ओळी खुशाली लिहीत असे आणि मागच्या संपूर्ण बाजूला चित्र. आठवड्याने उत्तर येई. "चि. बेबीस अनेक आशीर्वाद" इथपर्यंतच काय ते आशीर्वाद असत, पुढच्याच ओळीपासून मावशी कामाला लागे. मगरीच्या कार्डाला तिने लिहिले होते, "तुझी मगर पोचली. शेजारणीला ती घोरपड वाटली. डोळा काढला आहेस, पण ती बघत नाही." हे वाचून मी दोन दिवस जेवताना बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पुलावर जाऊन उभी राहिले. मगर खरोखर बघत होती; कुठे, ते मात्र अजून कागदावर आलेले नाही.

चारचौघांत चित्र मांडण्याचा प्रयोग मी एकदाच केला. दांडिया बाजारातल्या एका मंडळाने गणेशोत्सवात हौशी मंडळींची चित्रे मांडली होती. चौकटी कोणाला परवडणार, म्हणून दोरीला कपड्यांचे चिमटे लावून ती टांगली होती. संध्याकाळी वारा सुटला आणि सगळी चित्रे गोल फिरू लागली. इतरांच्या पाठी कोऱ्या होत्या. माझ्यासमोर मात्र बघता बघता पाच-सहा जण जमले. मी हरखून जवळ गेले, तर एक पेन्शनर काका चष्मा कपाळावर चढवून मागचा मजकूर मोठ्याने वाचत होते. ते महागाईभत्त्याचे परिपत्रक होते, आणि त्यातले एक कलम कोणाला लागू होते यावर तेथे चांगला अर्धा तास वाद झाला. आरती सुरू झाली म्हणून तो थांबला. माझ्या चित्रासमोर एवढी गर्दी पुन्हा कधी झालेली नाही.

आता चित्राचा फोटो काढून कुटुंबातल्या सर्वांना एकदम पाठवता येतो. मिनिटाच्या आत अकरा अंगठे आणि चार जोडलेले हात येतात, त्यांतले दोन हात तर चित्र उघडण्यापूर्वीच आलेले असतात. मगर घोरपडीसारखी दिसते, हे सांगायला कोणाला सवड नाही. मावशी जाऊन बारा वर्षे झाली. अजूनही चित्राचा डोळा काढताना मी थांबते, आणि ती काय म्हणेल याचा अंदाज घेऊन मगच पेन्सिल टेकवते.

मात्र सध्याची खरी अडचण वेगळीच आहे. पाठकोरे मिळेनासे झाले आहेत. विजेचे बिल फोनवर येते, लग्नपत्रिका फोनवर येतात, आणि एरवी माझ्याशी कधी वाकडे न वागणारे आमचे हे, कागद वाचवावा म्हणून प्रिंटरवर दोन्ही बाजूंनी छापू लागले आहेत. भाच्याने दोन वर्षांपूर्वी दिलेली स्केचबुके तेवढी कपाटात आहेत. त्यांचा कागद दाट, सायीच्या रंगाचा, हात फिरवला तर मखमलीसारखा लागतो. मी ती अधूनमधून काढते, पहिले पान उघडते, अर्जासाठी ठेवल्यासारखी पुन्हा बंद करते.

फाईल सोडवून आणली त्याच संध्याकाळी मी एका स्केचबुकाची पाने सोडवली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. पन्नास पाने आहेत, एका बाजूने छापून हवीत, म्हटले. त्याने कागद हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारले, "शुं छापवानुं छे?"

काहीही चालेल, मी म्हणाले. एखादे जुने परिपत्रक असले तर बरे.