19.69 हर्ट्झची काडी

"मॅडम, 19.69 हर्ट्झला क्यूपीओ मिळालाय."

सकाळी साडेदहाच्या सुमारास विद्यार्थ्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर एलएमसी एक्स-1 या कृष्णविवराचा पॉवर स्पेक्ट्रम होता, म्हणजे चढउतार कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती हे दाखवणारा आलेख. डावीकडून उतरत आलेला ढिगारा, मग सपाट नॉइज आणि त्या सपाटीतून उभी राहिलेली एकच काडी. क्यूपीओ म्हणजे जवळजवळ नियमित, पण पुरतं नियमित नसलेलं स्पंदन. त्याला रुंदी असते, तो टेकडीसारखा दिसतो. ही काडी एका बिनमध्ये, म्हणजे आलेखाच्या एकाच कप्प्यात, मावत होती. कृष्णविवराला घट्ट पृष्ठभाग नसतो, पक्का रोवलेला चुंबकीय ध्रुव नसतो. त्यामुळे घड्याळासारखं टिकटिकण्याचं कारणच त्याच्याकडे नाही. म्हणजे एकतर ही काडी खोटी होती किंवा ती दुसऱ्या कुणाची तरी होती.

एलएमसी एक्स-1 मोठ्या मॅगेलनी मेघात आहे, सुमारे 1,60,000 प्रकाशवर्षांवर. सूर्याच्या साधारण 11 पट वस्तुमानाचं कृष्णविवर आणि 30 पटींच्या आसपासचा ओ वर्गाचा तारा 3.9 दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. हा स्रोत कायम 'सॉफ्ट' अवस्थेत असतो. क्ष-किरण मुख्यतः तापलेल्या तबकडीचे, 10 केईव्हीच्या (केईव्ही हे फोटॉनच्या एनर्जीचं एकक) वर फक्त बारीक शेपूट. डेटा अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाचा, 2016 अखेरचा. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडलेलं हे उपकरण म्हणजे झेनॉन आणि मिथेनचं मिश्रण सुमारे 2 वातावरण दाबाने भरलेल्या तीन पेट्या. फोटॉन आला की त्याची वेळ 10 मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवली जाते. चित्र मात्र हे उपकरण काढत नाही. पुढच्या कोलिमेटरमधून, म्हणजे नजर अरुंद करणाऱ्या जाळीतून, आकाशाचा साधारण एक अंशाचा चौकोन दिसतो आणि त्यातून येणारा प्रत्येक फोटॉन एकाच गल्ल्यात पडतो. कोण कुठून आला, याची पावती मिळत नाही.

आधी काडी किती खरी ते पाहिलं. एका दिवसाच्या निरीक्षणातून वापरण्याजोगे सुमारे 40,000 सेकंद हाती होते. बाकीच्या वेळातला बराच भाग दक्षिण अटलांटिक विसंगतीत गेला. तिथे प्रोटॉनांचा इतका मारा असतो की हाय व्होल्टेज उतरवून ठेवावं लागतं आणि 6 अंश कललेल्या कक्षेला तो पट्टा जवळपास प्रत्येक फेरीत लागतो. एरवी पृथ्वी आड येते म्हणूनही बराच वेळ वाया जातो. हा स्रोत मात्र जवळजवळ 70 अंश दक्षिणेला आहे आणि 650 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची थाळी 65 अंशांपर्यंतच पसरलेली दिसते. त्यामुळे तो क्षितिजाला घासून जातो, पण सहसा बुडत नाही.

विद्यार्थ्याने 128 सेकंदांचे तुकडे पाडून 312 तुकड्यांची सरासरी घेतली होती. पॉवर लीही या ठरलेल्या पद्धतीने मोजली की नुसता नॉइज 2 वर बसतो आणि इतक्या सरासरीनंतर तो 0.11 ने वरखाली होतो. काडी 2.4 वर होती, म्हणजे साडेतीन सिग्मा (नॉइजच्या चढउताराच्या साडेतीन पट). ऐकायला भारदस्त. पण 64 हर्ट्झपर्यंत त्या आलेखात 8,192 बिन आहेत आणि एवढ्या गर्दीत साडेतीन सिग्माचे एक-दोन बिन निव्वळ योगायोगाने उभे राहतात. इथेच थांबलो असतो तर काडी विसरून जाणं योग्य ठरलं असतं. पेपरात छापून येणारे बरेच 'क्षीण क्यूपीओ' याच हिशेबात कच्चे असतात, असं माझं मत आहे.

नॉइजची पातळीही तपासली. शेजारच्या फेऱ्यांच्या लेव्हल-1, म्हणजे कच्च्या, फायलींमध्ये काही डेटा दोन्हीकडे येतो. जोडताना ती पुनरुक्ती काढली नाही तर तेच फोटॉन दोनदा मोजले जातात आणि सपाटी 2 च्या बरीच वर चढते. आमची 2 च्या किंचित खाली होती. हे बरोबरच आहे, कारण एका फोटॉननंतर सुमारे 42 मायक्रोसेकंद डिटेक्टर आंधळा असतो आणि त्या डेड टाइममुळे नॉइज जरा दबतो.

मग तुकड्यांची लांबी वाढवली. 128 ऐवजी 1,024 सेकंद, 39 तुकडे. क्यूपीओ असता तर प्रत्येक बिनमधली पॉवर तेवढीच राहून टेकडी जास्त बिनांवर पसरली असती. योगायोग असता तर काडी मावळली असती. खरं घड्याळ असेल तर पॉवर तुकड्याच्या लांबीच्या पटीत वाढते. काडी 5 च्या वर गेली आणि एकाच बिनमध्ये राहिली. नॉइजची चढउतार आता 0.32 होती, म्हणजे सुमारे दहा सिग्मा. योगायोगाचा प्रश्न जेवायच्या आधीच मिटला.

दुसरा संशय उपकरणावर. कुठल्याशा सर्किटचा ठेका डेटात घुसणं नवीन नाही. लॅक्सपीसी10 आणि 20 या दोन पेट्यांचे आलेख वेगवेगळे काढले, काडी दोन्हींत. तिसरी पेटी आधीच वगळली होती. तिच्यातला गॅस गळत असल्याने गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, सरकत होता आणि पुढे मार्च 2018 मध्ये ती बंद करावी लागली. मोकळ्या आकाशाच्या निरीक्षणात त्या जागी काहीच नव्हतं. तरी सर्वांत खात्रीची परीक्षा बॅरीसेंटर दुरुस्तीची, म्हणजे फोटॉनांच्या वेळा उपग्रहाच्या घड्याळावरून सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेण्याची. कक्षेची त्रिज्या सुमारे 7,030 किलोमीटर, प्रकाशाला 23 मिलिसेकंदांची. स्रोत कक्षेच्या पातळीपासून 70 अंश वर असल्याने त्यातले साधारण 8 मिलिसेकंदच उरतात, एकदा पुढे, एकदा मागे. म्हणजे 50.8 मिलिसेकंदांच्या ठोक्यात 16 मिलिसेकंदांची ओढाताण. सिग्नल आकाशातून येत असेल तर ही दुरुस्ती त्याला टोकदार करते, उपग्रहातल्या सर्किटचा असेल तर उलट विस्कटते. अख्ख्या दिवसाचा डेटा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर फोल्ड करून (ठोक्याच्या लांबीचे तुकडे एकावर एक रचून) चाय-स्क्वेअरचे, म्हणजे ठोका किती ठळक उमटतो त्याच्या मापाचे, दोन आलेख एकावर एक ठेवले. दुरुस्तीपूर्वीचा बुटका आणि पसरट, नंतरचा उंच आणि सुरीसारखा. काडी आकाशातली होती.

आता एका अंशाच्या त्या चौकोनात दुसरं कोण बसलंय? यादी फार लांब नाही. एलएमसी एक्स-1 पासून 25 कला (60 कला म्हणजे एक अंश) उत्तरेला पीएसआर बी0540-69 आहे. हा 50 मिलिसेकंदांचा पल्सर, म्हणजे घड्याळासारखी स्पंदनं पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा, आइन्स्टाइन वेधशाळेच्या डेटात सापडला आणि 1984 साली जाहीर झाला. कोलिमेटरची ग्रहणक्षमता मध्यापासून उतरत जाते, पण 25 कलांवर ती अजून निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे अर्धं दार उघडं.

विद्यार्थ्याने कॅटलॉगमधून पल्सरची जुनी फ्रिक्वेन्सी आणि ती घटण्याचा वेग घेतला, 2016 अखेरपर्यंत पुढे ओढला आणि चेहरा पाडून म्हणाला, "मॅडम, जुळत नाहीये."

फरक सुमारे 0.01 हर्ट्झचा. 128 सेकंदांच्या आलेखात बिनची रुंदीच 0.0078 हर्ट्झ, त्यामुळे तिथे हे शेजारच्या बिनचं किरकोळ भांडण वाटलं असतं. 1,024 सेकंदांना बिन 0.00098 हर्ट्झचा होतो आणि तोच फरक दहा बिनांचा. दहा बिन बाजूला म्हणजे तो पल्सर नव्हेच. तरुण पल्सर गचके देतात, पण एवढा फरक एका साध्या गचक्यात बसत नव्हता.

उत्तर डिसेंबर 2011 मध्ये होतं. त्या महिन्यात या पल्सरचा मंदावण्याचा वेग अचानक बदलला. सेकंदाला सुमारे 1.86 × 10⁻¹⁰ हर्ट्झने घटणारी फ्रिक्वेन्सी 2.52 × 10⁻¹⁰ ने घटू लागली, एक तृतीयांशाहून जास्त वाढ, आणि ती तशीच टिकली. नेहमीच्या गचक्यात फ्रिक्वेन्सी उडी घेते. इथे उडी घेतली ती तिच्या उताराने. आमच्या आकड्यांत जुना उतार होता. दोन उतारांतला फरक 0.66 × 10⁻¹⁰, पाच वर्षांचे सेकंद 15.8 कोटी, गुणाकार 0.0104 हर्ट्झ. फळ्यावर हा गुणाकार उतरला तेव्हा चार वाजले होते. नवा उतार घातल्यावर अंदाज काडीवर येऊन बसला.

फोल्डिंग करतानाही हा उतार विसरून चालत नाही. सुरुवातीचीच फ्रिक्वेन्सी धरून बसलं तर दिवसाअखेर ठोका सुमारे 0.94 चक्राने सरकलेला असतो. विद्यार्थ्याने तोही घातला आणि या पल्सरची ओळखीची आकृती आली: एकच रुंद शिखर, माथ्यावर किंचित खोलगट, उंटाच्या पाठीवर खोगीर टाकावं तसं. एनर्जीनुसार वेगळं करून पाहिल्यावर 3 ते 5 केईव्हीत ती जेमतेम दिसत होती आणि 10 च्या वर ठसठशीत. कृष्णविवराचा प्रकाश वरच्या एनर्जीला झपाट्याने ओसरतो, पल्सरचा तितका नाही.

काम वाढलं ते इथून. ठोका दिसतो तो पल्सरच्या प्रकाशाचा फक्त स्पंदणारा भाग. त्याच्याभोवतीचा नेब्युला (तेजोमेघ) स्थिरपणे चमकतो, तो फोल्डिंगमध्ये कुठेच दिसत नाही आणि गल्ल्यात मात्र जमा होतो. म्हणजे 10 केईव्हीच्या वरचं जे शेपूट आम्ही गेला महिनाभर कृष्णविवराच्या नावावर मांडत होतो, त्यात शेजाऱ्याचा वाटा होता. एसएक्सटी या सोबतच्या दुर्बिणीला हा त्रास नाही. ती चित्र काढते, तिचं क्षेत्र सुमारे 40 कलांचं, त्यामुळे पल्सर काठाबाहेर राहतो. पण ती 8 केईव्हीला थांबते, भानगड सुरू होते त्याच्या अलीकडे. शेवटी लॅक्सपीसीच्या मॉडेलमध्ये पल्सर आणि नेब्युलासाठी वेगळा पॉवर लॉ (एनर्जीनुसार ठरावीक घाताने उतरणारा घटक) घातला. त्याचा आकार चित्र काढणाऱ्या दुर्बिणींच्या मोजमापांवरून घेतला, उंची 25 कलांच्या ग्रहणक्षमतेने कमी केली आणि दोन्ही गोठवून टाकलं. मोकळं सोडलं की फिट त्या घटकात कृष्णविवराचं शेपूटही ओढून घेतो आणि चाय-स्क्वेअर फसवा सुंदर येतो. चढउतारांच्या टक्केवारीचीही तीच गत. न स्पंदणारा परका प्रकाश छेदात राहिला की आरएमएस, म्हणजे हीच टक्केवारी, आहे त्यापेक्षा कमी निघतो.

संध्याकाळी विद्यार्थ्याने विचारलं, पुढच्या वेळी दुर्बीण जरा दक्षिणेला रोखली तर? सरळ त्रिकोणी उतार धरून हिशेब केला. 20 कला सरकवलं तर पल्सर पाचव्या भागाहून खाली येतो, पण कृष्णविवरही साठ टक्क्यांवर येतं आणि एसएक्सटीच्या अगदी काठाला जातं. 10 कला सरकवून पल्सरचं कृष्णविवराच्या तुलनेतलं प्रमाण निम्म्यावरून चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर येतं, तेवढ्यासाठी एसएक्सटीचा डेटा बिघडवायचा का? प्रस्तावात मध्यावरच रोख ठेवला.

त्याच चौकोनाच्या कडेला, साधारण 36 कलांवर, पीएसआर जे0537-6910 हा 16 मिलिसेकंदांचा पल्सरही आहे. त्याचा ठोका 62 हर्ट्झजवळ पडतो, म्हणजे 64 ला संपणाऱ्या आमच्या आलेखाच्या अगदी टोकाला. दुसऱ्या दिवशी तो वेळेचे बिन निम्मे करून, 128 हर्ट्झपर्यंत, पुन्हा काढायला घेतला.